मंडळींच्या पोटात जंत

निवेदकांना उशीवर तांदळाचा दाणा सापडला. अंथरुणात बसून खायची सवय त्यांना नव्हती, त्यामुळे हा इथे आला कसा म्हणून त्यांनी चष्मा लावून पाहिलं, तर दाणा चालत होता. निवेदक ताडकन उठून उभे राहिले. उशाशी झोपलेल्या मंडळीने एक डोळा उघडला, हा मनुष्य सकाळी सकाळी काय करतो आहे ते पाहिलं आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

मंडळी म्हणजे मांजर. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण निवेदकांनी ते वेळेवर कुणाला सांगितलं नाही आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एकतीस वर्षं त्यांनी रेडिओवर निवेदन केलं. प्रत्येक कार्यक्रम 'तर मंडळी' म्हणून सुरू करायचा, हा त्यांचा शिरस्ता. ऐकणारे दिसत नसत, पण कुठेतरी ते आहेत एवढं पक्कं असे. निवृत्त झाल्यावर ते कुठेच उरले नाहीत. लग्न करायचं राहूनच गेलं होतं, गच्चीवरची टाकी धुवायची राहते तसं. एका दुपारी जेवायला बसताना सवयीने ते रिकाम्या खोलीत म्हणाले, "तर मंडळी, बसू या," आणि खिडकीतून एक पिवळट मांजर आत येऊन खरोखरच बसलं. त्याचं नाव दुसरं काही ठेवणं शक्यच नव्हतं.

त्यात या नावाची एक सोय त्यांच्या लक्षात आली. पन्नास माणसं जेवली तरी 'मंडळी जेवली' आणि एक मांजर जेवलं तरी 'मंडळी जेवली'. थोरली बहीण फोनवर विचारायची, "बाळ्या, एकटाच आहेस ना रे?" बाळ्याचं वय आता सहासष्ट होतं. 'एकटा' म्हटलं की ती दुसऱ्या गावाहून येऊन आपल्याला उचलून नेणार आणि तिच्या मागच्या खोलीत, तिच्या औषधांच्या वेळापत्रकात बसवणार, हे निवेदकांना ठाऊक होतं. तिने तसं बजावलंच होतं. आपलं घर, आपली खिडकी आणि आपली आरामखुर्ची सोडून कुणाच्या तरी दयेवर राहायची त्यांना मनापासून भीती वाटे. म्हणून ते म्हणत, "एकटा कुठला? घरात मंडळी आहे की." यात शब्दानेही खोटं नव्हतं. ताईने एकदा जरा थांबून, "बरं बरं," म्हटलं, आणि तेव्हापासून तिचे फोन रोजचे आठवड्यावर आणि आठवड्याचे महिन्यावर गेले. आपली युक्ती लागू पडली म्हणून निवेदक खूश होते. निदान तसं ते स्वतःला सांगत असत.

तर चालता दाणा डबीत घालून आणि मंडळीला टोपलीत घालून निवेदक प्राण्यांच्या दवाखान्यात गेले.

"हिला जंतांची लस टोचून टाका," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी डबीत पाहिलं. "जंतांची लस नसते हो, काका. लस वेगळ्या रोगांची. जंतांना पोटात घ्यायचं औषध. आधी विष्ठा तपासू, म्हणजे आणखी कोण कोण मुक्कामाला आहे ते कळेल. कुठे झोपते ही?"

"माझ्या उशाशी."

"ते आता बंद करा. काही जंत माणसांतही जातात. आणि ही बाहेर घाण कुठे करते?"

"खाली मुलांना खेळायला वाळू टाकलीय, तिथे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मग ती वाळू बदलायला सांगा आणि शेजारीपाजारी कळवा. जंतांची अंडी मातीत राहतात, मुलं तेच हात तोंडात घालतात. लाजू नका, आजच कळवा."

कंपाउंडरने कार्ड भरायला दिलं. त्यात शेवटची ओळ होती, 'मालक न भेटल्यास कोणाला कळवावे'. निवेदक पेन धरून बसून राहिले. त्यांच्यामागून आलेल्या बाईंनी कार्ड भरलं, कुत्रा तपासून घेतला आणि त्या गेल्यासुद्धा. निवेदकांनी ओळखीच्या सगळ्या माणसांची मनातल्या मनात हजेरी घेतली. काही वारली होती, काहींचे नंबर बदलले होते, आणि उरलेल्यांना मांजराच्या पोटाबद्दल कळवावं इतकी घसट नव्हती. अखेर त्यांनी ताईचा नंबर लिहिला.

घरी आल्यावर त्यांनी मंडळीला मोरीत कोंडलं, चादरी उकळत्या पाण्यात घातल्या आणि समोरच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. तिथे शिवणवाल्या वहिनी राहत होत्या. दिवसभर त्यांचं मशीन चाले. चार वर्षं दारं समोरासमोर असूनही निवेदक आणि त्या जिन्यात हसण्यापलीकडे बोलले नव्हते. निवेदकांनी घसा खाकरून घंटी वाजवली. वहिनी गळ्यात टेप अडकवून बाहेर आल्या. मागे त्यांची चार वर्षांची चिमणी उभी होती, अंगठा तोंडात घालून. तो अंगठा पाहून निवेदक ठरवलेली सगळी प्रस्तावना विसरून गेले.

"वहिनी, आमच्या मंडळीच्या पोटात जंत झालेत."

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांच्याच?"

"सगळ्यांच्या म्हणजे, मला अजून नाहीत. निदान कळलेलं नाही. पण तुम्हाला सांगणं माझं कर्तव्य आहे. आमची मंडळी रोज सकाळी खाली वाळूत बसते."

"वाळूत? कशाला?"

निवेदक सभ्य माणूस होते. "सकाळी माणूस कशाला बसतो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

वहिनींनी दाराची चौकट धरली. "काका, तुमच्या घरात संडास नाही का?"

"आहे, पण मंडळीला उघड्यावरच बरं वाटतं. आधी उकरते, मग बसते, मग वरून वाळू लोटते. त्या बाबतीत फार स्वच्छ."

"आणि तुम्ही काही बोलत नाही?"

"बोललो तर अंगावर येते. दवाखान्यात आजच कंपाउंडरला ओरबाडलं." इथे आतून चादरीचं पाणी उतू गेल्याचा आवाज आला आणि निवेदक, "चिमणीचे हात साबणाने धुवा, वाळूत पाठवू नका," एवढं सांगून धावले. कर्तव्य पार पडलं म्हणून त्यांना हलकं वाटलं. समोरचं मशीन मात्र त्या दिवशी पुन्हा वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला, आणि निवेदकांचा फोन लागेना. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशासकट चादरींबरोबर उकळला होता. कंपाउंडरने कार्डावरची शेवटची ओळ पाहिली आणि ताईला फोन लावला. हे संभाषण निवेदकांना पुढे कितीतरी वेळा शब्दशः ऐकायला मिळालं.

"निवेदक सापडत नाहीत," कंपाउंडर म्हणाला. "त्यांच्या मंडळीच्या पोटात दोन जातींचे जंत निघालेत."

ताई जुन्या वळणाची होती. तिच्या वेळी 'आमची मंडळी' याचा बायको हा एकच अर्थ होत असे. ती खाली बसली.

"मंडळी," ती म्हणाली. "कधीपासून?"

"चार वर्षं झाली म्हणत होते. खिडकीतून आली म्हणे."

"खिडकीतून," ताई म्हणाली.

"घाबरण्यासारखं काही नाही हो. पण ती त्यांच्या उशाशी झोपते, ते काही दिवस थांबायला पाहिजे. आणि गोळी द्यायला दोन माणसं लागतील, एक पाय धरायला. फार नखं मारते. मागच्या मालकाने टाकून दिलेली असणार, म्हणून तसा स्वभाव."

ताईने त्यानंतरची पहिली गाडी पकडली.

ती जिना चढून आली तेव्हा दाराबाहेर शिवणवाल्या वहिनी उभ्या होत्या. वाळूत बसणाऱ्या मंडळींशी काय ते बोलायचंच, असं ठरवून त्या आल्या होत्या, पण घंटीकडे हात जात नव्हता. आतून निवेदकांचा खणखणीत आवाज येत होता. "तर मंडळी, तोंड उघडायचं. गेली चार वर्षं आपण एकत्र आहोत, आजवर कधी हात उगारला नाही, पण आज वेळ आली आहे."

"काय हो, मारतो का तो तिला?" ताईने वहिनींना विचारलं.

"कुणाला? आत किती जण आहेत ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

"एकच असणार. तो कसाही असला तरी बायको एकच," असं म्हणून ताईने दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं.

निवेदक जमिनीवर बसले होते. दोन्ही हातांवर ओरखडे होते, दवाखान्यात स्वतः जाऊन आणलेली गोळी अर्धी त्यांच्या मिशीला चिकटली होती, आणि टॉवेलात गुंडाळलेली मंडळी कपाटाच्या दिशेने लोळत चालली होती. ताईने खोलीभर नजर फिरवली. आरामखुर्ची एक होती. दांडीवर एका माणसाचे कपडे वाळत होते. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला उपडे घातलेले होते. स्वयंपाकघरात डोकावून आलेल्या वहिनी म्हणाल्या, "आत कुणीच नाही."

"मंडळी कुठे आहे?" ताईने विचारलं.

निवेदकांनी टॉवेलाकडे बोट दाखवलं. आता ताई सामान बांधायला सांगणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

ताई आरामखुर्चीत बसली. "मला वाटलं, तू कुणाला तरी घरात आणलंस. म्हटलं, उशिरा का होईना, त्याला त्याचं माणूस मिळालं. सारखा फोन केला तर तिला आवडणार नाही, म्हणून मी फोन कमी केले. दर महिन्याला एक तारीख ठरवून बोलायचे रे. मधले दिवस कसे काढले माझे मला माहीत."

वहिनी दाराशीच उभ्या होत्या. "मला तर रोज तुमचा आवाज यायचा, काका. मंडळी हे बघा, मंडळी ते ऐका. वाटायचं, यांच्याकडे सारखी बैठक भरलेली. दोनदा ताटली झाकून दारापर्यंत आले होते आणि परत गेले. म्हटलं, एवढ्या माणसांना कुठे पुरायचं."

कीव टाळायची म्हणून दाराला जो शब्द लावून ठेवला होता, तो चार वर्षं चांगलाच टिकला होता. त्याने सगळ्यांनाच बाहेर ठेवलं होतं. त्यांना मोठ्याने रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात टॉवेलातून सुटून मंडळी कपाटावर चढली.

"आधी ती गोळी," ताई पदर खोचून उठली. "तू समोरून ये. तुमचं नाव काय ते नंतर विचारते बाई, तुम्ही पाय धरा."

गोळी जायला पाऊण तास लागला. ताईने मान धरली, वहिनींनी पाय, निवेदकांनी जबडा, आणि मंडळीने तिघांचीही लाज काढली. शेवटी गोळी गेली तेव्हा तिघं जमिनीवर पाय पसरून बसले. वहिनींनी आपल्या घरून चहा आणला. जाताना त्या म्हणाल्या, "वाळू बदलायचं मी बघते. हिला मात्र माती घालून एक टोपलं आणा घरात." ताईने कपडे पिशवीतून काढले. "पंधरा दिवसांनी दुसरा डोस आहे म्हणतोस ना, तोवर थांबते. तुझ्या एकट्याच्याने हे होणार नाही," ती म्हणाली. न्यायचा विषय तिने काढला नाही, निवेदकांनीही नाही.

ते पंधरा दिवस घरात कटकट होती. ताई डबे चुकीच्या जागी ठेवी, निवेदकांच्या चपला उचलून ठेवी आणि संध्याकाळी वहिनी उसवलेलं काही घेऊन बसायला येत. चिमणी येता-जाता साबणाने हात धुई आणि सगळ्यांना धुवायला लावी. खोलीत 'तर मंडळी' असं फारसं कुणी म्हणत नसे, कारण निवेदकांना मध्ये बोलायला फट मिळत नव्हती.

दुसऱ्या डोसानंतर चार दिवसांनी, विष्ठेचा नमुना देऊन आल्यावर, ताईची पिशवी पुन्हा दाराशी आली. परतीची गाडी दुपारची होती. वहिनी निरोप द्यायला आल्या होत्या. तेवढ्यात निवेदकांचा नवा फोन वाजला.

"काका, अभिनंदन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नमुना एकदम स्वच्छ आहे. एकही अंडं नाही. आता तीन महिन्यांनी या, तोवर काही करायची गरज नाही."

"बरं," निवेदक म्हणाले. "असं म्हणता. बरं."

त्यांनी फोन खाली ठेवला. ताई चपलेत एक पाय घालून त्यांच्याकडे बघत होती. रेडिओवर एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही चुकीची माहिती दिली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता.

"काय म्हणाल्या रे?" ताईने विचारलं.

"अवघड आहे म्हणाल्या," निवेदक गंभीर आवाजात म्हणाले. "निदान तीन महिने घरात माणसं लागतील."

ताईने क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग चपलेतला पाय बाहेर काढला.

"मलाही तसंच वाटत होतं," ती म्हणाली.