जानबा अस्वलाची कलती गाडी

मुलांनो, एका जंगलात जानबा नावाचं अस्वल होतं आणि त्याच्याकडे दोघांपुरती, जुनी, लाल स्पोर्ट्सकार होती. जंगलात स्पोर्ट्सकार कुठून आली, असं विचारू नका. अस्वल पुढे मराठीत बोलणार आहे. ते तुम्ही मुकाट ऐकून घेणार, मग गाडीपाशीच का अडता?

गाडी देखणी होती, फक्त वळणावर कलायची. डावं वळण घेतलं की सगळी उजवीकडे झुकायची आणि शेजारी बसलेल्या सगुणाबाई, म्हणजे जानबाची बायको, थेट त्याच्या खांद्यावर यायच्या.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. अस्वलांमध्ये माफी मागायची पद्धत नाही. या नवरा-बायकोचं बिनसलं की दोघं गाडी काढून घाटात जायची. उंबराजवळच्या मोठ्या डाव्या वळणावर खांद्याला खांदा लागायचा. "गाडीच कलली," असं दोघंही म्हणायची आणि भांडण तिथेच मिटायचं. संसार असा वर्षानुवर्षं सुखाने चालला होता. जानबा त्याचं श्रेय स्वतःच्या गोड स्वभावाला द्यायचा.

एकदा फत्तेसिंग बिबट्या आपल्या नव्या गाडीतून जाता जाता म्हणाला, "जानबा, तुझी गाडी वळणावळणाला मुजरा करते रे."

झालं. जानबाला ते फार लागलं.

माकड मिस्त्रीने उपाय सांगितला, स्वे बार. म्हणजे गाडीच्या पोटाखाली डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. मूळच्या दांड्या बारीक होत्या. मिस्त्रीने परजंगलातून चांगल्या जाड मागवल्या आणि पुढे-मागे बसवल्या. गाडी कलायची थांबली. ती बनवणाऱ्यांना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, म्हणून जानबा जंगलभर छाती काढून हिंडला.

मग त्याने नेहमीप्रमाणे एक चूक केली. सगुणाबाईंनी भावासाठी वाळवून ठेवलेली मोहाची फुलं त्याने एका बैठकीत संपवली. बाईंनी अबोला धरला.

जानबा निर्धास्त होता. त्याने गाडी घाटात नेली, उंबर आला, त्याने खांदा सैल सोडला. गाडी वळणावरून ताठ निघून गेली. सगुणाबाईही ताठ. रस्त्यातले खड्डे मात्र एकूण एक हाडांना कळले.

आणखी काही फेऱ्या झाल्या. अबोला सुटेना. शेवटी एका सकाळी सगुणाबाईंनी गाठोडं बांधलं.

"मला घाटापलीकडे भावाकडे सोडा," त्या म्हणाल्या.

"परत कधी येणार?"

"ते अजून ठरलेलं नाही."

'चुकलो' एवढा एक शब्द पुरला असता. पण जानबा धावत जाऊन मिस्त्रीला घेऊन आला आणि नव्या दांड्या काढून जुन्या बसवायला सांगितल्या. मिस्त्रीने विचारलं, एवढ्यात काय झालं? जानबा म्हणाला, गाडीला सोसत नाहीत.

अंगणात पडलेल्या जाड दांड्या सगुणाबाईंनी दारातून पाहिल्या. मग त्या गाठोडं घेऊन गाडीत बसल्या.

जानबा स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होता. आजही बाई कलल्या नाहीत तर घरी एकट्यानेच परतायचं, हे त्याला कळत होतं. लांबवर उंबर दिसू लागला. वळण अजून पुढे होतं. रस्ता अगदी सरळ होता. आणि सगुणाबाईंचं डोकं हळूच त्याच्या खांद्यावर आलं.

"गाडीच कलली," त्या म्हणाल्या.

"जुनी आहे बिचारी," जानबा म्हणाला.

उंबराखाली त्याने गाडी मागे वळवली.

तात्पर्य: चूक कबूल करण्यापेक्षा गाडी खोलणं सोपं असतं. म्हणून प्रत्येक नवऱ्याने एक जुनी गाडी बाळगावी.