चिरा विकला की लावला?

पायात बूट आणि हातात चामडी बॅग असलेला माणूस दिसला, की आमचे सखाराम मेस्त्री आपल्याच कामावर पाहुणे होत. हातातली थापी खाली ठेवायची, डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर टाकायचं आणि अर्ध्या बांधलेल्या भिंतीकडे परक्यासारखं बघत उभं राहायचं. एकदा असा बॅगवाला आला आणि त्याने विचारलं, "काम कोणाचं हे?"

"काय म्हाईत? मी पन बघायलाच आलोय," मेस्त्री म्हणाले.

तो निघाला विम्याचा एजंट. तो गेला, पण घरमालक मागेच उभा होता.

मेस्त्री रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला आमच्या शेजारी राहत. जांभ्या दगडाच्या चिऱ्याची घरं माल-मजुरीसकट ठेक्याने बांधून देत. ऐंशीनंतरची ती वर्षं. आखातात गेलेल्या माणसांचे पैसे येऊ लागले होते, घरं धडाधड उठत होती. मेस्त्रींना कामाला तोटा नव्हता. झोपेला होता.

कारण नवा कायदा आला होता. ठेक्याच्या कामात जो माल जातो, त्यावरही म्हणे विक्रीकर! ही बातमी मेस्त्रींनी टपरीवर अर्धी ऐकली आणि उरलेली अर्धी स्वतः रचली. त्यांच्या मते साहेब येऊन भिंती मोजणार आणि कर थकला असेल तेवढी भिंत काढून नेणार.

मी तेव्हा टॅक्सच्या एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. मेस्त्रींना तेवढं पुरे होतं. सकाळी मी दात घासत असलो की कुंपणापलीकडून हाक येई, "वकीलसाहेब, येक सांगा. चिरा मी इकला, की लावला?"

"दोन्ही, मेस्त्री."

"दोनी कसं? इकलेली वस्तू गिऱ्हाईक घरी नेतो. हितं ती वस्तूच घर हाय. तो नेनार कुठं?"

हाच प्रश्न त्यांनी पोस्टमनला विचारला, देवळातल्या गुरवाला विचारला. न्हावी म्हणाला, "चिऱ्याचं राहू दे, चुना तरी लावलात ना?" त्या दिवसापासून मेस्त्रींनी त्याच्याकडे जाणंच सोडलं. दाढी वाढली, तेव्हा म्हणाले, "बरा झाला. साहेब आता वळखनार नाय."

शेवटी आमच्या वकिलांनी तोड सांगितली. छोट्या ठेकेदारांसाठी सोपी योजना निघाली होती. माल किती, मजुरी किती, हे वेगळं काढत बसायचं नाही. एकूण कामावर ठरलेला टक्का भरायचा आणि मोकळं व्हायचं. मेस्त्रींनी हे माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

"म्हंजे इकला की लावला, कोन इचारनार नाय?"

"कोणी नाही."

त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं वहिनी सांगत होत्या.

त्या योजनेचा अर्ज करायला आम्ही विक्रीकराच्या कचेरीत गेलो, तर मेस्त्री बाहेरच्या बाकावरून उठेचनात. "साहेब बूटवाला हाय काय, जरा बघून या." साहेब चपलेत होते. तरुण, घाटावरचे, बोलायला मऊ. त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि विचारलं, "धंदा एकट्याचाच ना?"

मी "हो" म्हणणार, एवढ्यात मेस्त्री म्हणाले, "नाय. दोघांचा."

मी चाट पडलो. इतकी वर्षं शेजारी राहून मला दुसरा कोणी दिसला नव्हता.

"भागीदार कोण?" साहेबांनी विचारलं.

"दाऊद. राजिवड्याचा. आमी पयलं घर जोडीनं बांधलं. चिरा तो घडवायचा, मी रचायचो."

"मग त्यांना आणा."

"मस्कतला हाय तो."

"कधी येणार?"

मेस्त्री खाली बघू लागले. "गेला तवा बोलला, दोन वर्सांनी येतो. त्येला आता लय वर्सं झाली."

साहेबांनी समजावलं, "हे बघा, एकट्याच्या नावाने अर्ज आत्ता होऊन जाईल. भागीदारी म्हटली की करारपत्र आलं, त्यांची सही आली. सोपं आहे ते करा."

मी टेबलाखाली मेस्त्रींचा पाय दाबला. सोपं व्हावं म्हणून तर हा माणूस झुरत होता.

"सोपा नको साहेब," मेस्त्री म्हणाले, "दंड पडला तर पडू दे. पन येकट्याचा म्हनून लिवू नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बरं. सही मागवून घ्या."

मेस्त्री राजिवड्याला जाऊन दाऊदच्या बहिणीला भेटले. कागद मस्कतला गेला, पावसाळा सरल्यावर सही होऊन आला. अर्ज झाला, मेस्त्री रीतसर कर भरू लागले. दाऊद मात्र आला नाही.

एकदा ते भिंत रचत असताना मी विचारलंच, "मेस्त्री, तो येईल असं खरंच वाटतं तुम्हाला?"

त्यांनी ओळंबा सोडला, भिंत सरळ आहे का पाहिलं. मग म्हणाले, "येवो, न येवो. पन तितं परमुलखात त्येला कोनी इचारलं, बाबा, तुझा गावाकडं काय हाय, तर त्येला सांगायला काय तरी नको?"