पिस्ता नाही, गुलाबी!

घराचा रंग आपण स्वतः निवडायचा असं मी ठरवलं, ही या प्रकरणातली माझी एकमेव चूक. बाकीच्या चुका तिच्यातून आपोआप निघत गेल्या, त्यांचं श्रेय मी घेत नाही.

शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात आम्हाला बोईसरला स्वतःचा ब्लॉक मिळाला. दुसरा मजला, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. (गॅलरीत एका वेळी एक माणूस किंवा दोन कुंड्या.) त्याआधी नऊ वर्षं आम्ही कुंभवलीला भाड्याच्या खोलीत काढली. तिथल्या मालकीणबाईंचा कायदा कडक होता. भिंतीला खिळा नाही, भिंतीला तेलाचा हात नाही आणि भिंतीला पाठ तर मुळीच नाही. नऊ वर्षं आम्ही नवराबायको खोलीच्या मधोमध ताठ बसून जेवलो. त्यामुळे नव्या घरात पाऊल टाकल्यावर आमच्या पुष्पलताने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ती भिंतीला पाठ टेकून पाच मिनिटं डोळे मिटून बसली. मला फार भरून आलं. (नळाला अजून पाणी आलं नव्हतं, पण माझ्या डोळ्यांना आलं.)

आता दादा. दादा म्हणजे पुष्पलताचे थोरले बंधू, ठाण्याला एका गोदामावर सुपरवायझर. आमच्या संसारात जे जे आहे ते दादांनी निवडलेलं आहे. कुकर दादांचा, कपाट दादांचं, माझ्या चष्म्याची फ्रेमसुद्धा दादांचीच. (मलाही दादांनीच निवडलं होतं. हे मात्र अलीकडे ते कबूल करत नाहीत.) आणि दादांच्या लेखी जगात रंग एकच, पिस्ता. त्यांच्या घरी भिंती पिस्ता, दारं पिस्ता, स्टूल पिस्ता, पोपटाचा पिंजरा पिस्ता. त्यातला पोपट कुठे संपतो आणि पिंजरा कुठे सुरू होतो हे मला आजवर कळलेलं नाही.

गुरुवारी दादांचं पोस्टकार्ड आलं. 'रविवारी सत्यनारायणाला येत आहे. पिस्ता डिस्टेंपरचे दोन डबे आणतो. पूजा झाली की कामाला लागू. रंगाची चिंता करू नये.'

पुष्पलताने कार्ड वाचलं आणि कोथिंबीर निवडायला बसली. अर्धी जुडी झाल्यावर म्हणाली, "मी आठ वर्षांची होते ना, तेव्हा दिवाळीला गुलाबी फ्रॉक मागितला होता."

"मग?"

"दादांनी पिस्ता आणला."

एवढंच बोलली आणि उरलेली जुडी निवडायला लागली. अकरा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. (माझ्याकडे मागून उपयोग नाही हे तिने पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.) पण त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पुष्पलता, आपलं घर गुलाबी होणार! दादा यायच्या आत होणार! आणि तो रंग मी आणणार!"

"तुम्ही?" ती म्हणाली.

"चौदा वर्षं रंगाच्या कारखान्यात आहे मी!"

हे अगदी खरं होतं. फक्त मी डिस्पॅचला क्लार्क होतो. चौदा वर्षं मी ड्रमवर रंगांची नावं लिहीत आलो होतो, आतला रंग एकदाही पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून शेडकार्ड आणलं. शेडकार्डावर गुलाबी किती असावेत? चौदा! शुक्रवारी सकाळी आम्ही ते गॅलरीत धरलं, मग दारात, मग बल्बखाली. गॅलरीत जो गुलाबी गोड वाटे तो बल्बखाली खोकल्याच्या औषधासारखा दिसे. शेवटी पुष्पलताने एका चौकोनावर बोट ठेवलं आणि ते तिथून उचललंच नाही. मी कामावर जाता जाता दुकान गाठलं.

"ये शेड मंगलवार को आयेगा, बाबूजी," दुकानदार म्हणाला. "तब तक चूना मार लो. सफेद."

मंगळवार! तोवर दादांनी गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा पिस्ता केल्या असत्या. मी चुन्याची पिशवी घेतली, घरी टाकली आणि विचार करत कारखान्यात गेलो.

आमच्या कारखान्यात कोण कुठल्या खात्यात आहे हे बिल्ल्यावरून नाही, कानांवरून कळतं. पिवळ्या कानांचा माणूस पहिल्या शेडमधला, निळ्या कानांचा दुसऱ्यातला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर गुलाबी कानांचा विश्राम बसला होता. विश्राम आमच्या लॅबमध्ये नमुने करतो, राहणारा सातपाटीचा, पाच पिढ्या मासेमारीतल्या. त्याच्या कानांकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो अगदी पुष्पलताच्या बोटाखालचाच गुलाबी होता!

"विश्राम, हा कानाला लागलाय तो रंग मला चिमूटभर देशील? घराच्या भिंतीला लावायचाय."

विश्रामचा घास हातात राहिला. "साहेब, यो कापडाचा रंग हाय. भितीचा नाय."

"अरे, रंग तो रंग!"

"तसा नाय वो. सुती कापूड दिसला का यो त्याला सोडीत नाय. भितीला धरणार नाय, कापडाला धरील."

"विश्राम," मी म्हणालो, "तू लॅबमध्ये किती वर्षं आहेस?"

"सा."

"आणि मी चौदा."

त्याने लॅबच्या साहेबांना विचारून, फेकून द्यायच्या नमुन्यातली काडेपेटीभर पूड मला दिली. "चिमूटच टाका हां," असं त्याने मला गेटपर्यंत येऊन तीनदा बजावलं.

शनिवारी मी रजा टाकली. चुन्याच्या बादलीत चिमूट टाकली. काहीच झालं नाही. दुसरी टाकली. मग चिमटी मोजत बसण्यापेक्षा काडेपेटी उपडी केली. दुपारपर्यंत चारही भिंती अशा गुलाबी झाल्या की खालच्या रस्त्यावर सायकली थांबू लागल्या. पुष्पलता खोलीच्या मधोमध उभी राहून गोल फिरली. भिंतीवरून हळूच हात फिरवला. "अगदी तोच," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की अकरा वर्षांत तसं बघितलं नव्हतं. त्या क्षणी मी स्वतःला फार मोठा माणूस वाटलो, ते नाकारत नाही.

रविवारी दहा वाजता दादा आले. दोन हातांत दोन डबे आणि अंगात पांढरीशुभ्र, इस्त्रीची खादी. (शुद्ध सुताशिवाय दुसरं काही दादांच्या अंगाला चालत नाही. आम्ही कारखान्यातली माणसं मात्र सगळी टेरिलीन.) दारातच ते थबकले.

"भगवंतराव, हे काय? भिंती आहेत की बॅण्डवाल्यांचा तंबू?"

"गुलाबी," मी म्हणालो.

"ते दिसतंय. असू दे, पूजा उरकली की दोन हात पिस्ता मारू. झाकून जाईल. पुष्पे, चहा टाक."

पुष्पलता चहा टाकायला गेली. मला तिचा तो फ्रॉक आठवला.

पूजा सुरू झाली. आम्ही दोघं चौरंगासमोर, पाहुणे सतरंजीवर आणि दादा मानाच्या जागी, भिंतीला पाठ लावून. पंख्याचा हूक लागला होता, पंखा यायचा होता. ऑक्टोबरचा उकाडा. भटजींनी कथेचे पाचही अध्याय मन लावून वाचले आणि पाचही अध्याय दादा भिंतीला टेकून घामाने निथळत राहिले.

मग आरती. आरती अर्थातच दादा म्हणणार. ते उठले, पुढे आले, देवाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून त्यांनी सुरुवात केली, आणि आमच्या मागच्या रांगेचा आवाजच गेला. दादांची पाठ कॉलरपासून कमरेपर्यंत गुलाबी झाली होती! साधी गुलाबी नाही, विश्रामच्या कानांपेक्षा चार बोटं जास्त गुलाबी. मी टाळ्या वाजवायचा थांबलो. आता संपलं, मला वाटलं. पिस्ता तर होणारच, वर जन्मभराचं ऐकून घ्यावं लागणार. मी भीत भीत पुष्पलताकडे पाहिलं.

ती हसत होती. एका हातात निरांजन होतं, पदर तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि दादांसमोर तर ती साधी खोकतसुद्धा नसे.

"काय झालं?" दादांनी आरती थांबवली.

दारात विश्रामची आत्या मंजुळा उभी होती. बोईसरच्या बाजारात मासे विकते, आज मात्र नारळ घेऊन घर बघायला आली होती. तिला असल्या गोष्टी पोटात ठेवायची सवय नाही.

"दादा," ती म्हणाली, "भितीचा रंग तुमी पाठीवर घेतलाव की वो!"

पुढचा अर्धा तास मोरीत गेला. साबणाने जाईना तेव्हा दादांनी धुण्याचा सोडा मागितला. वाटीभर सोडा चोळला आणि पाणी ओतलं. सदऱ्याची पाठ आणखी गडद झाली. तेवढ्यात विश्राम प्रसादाला आला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"सोडा लावलाव? आरे देवा! मीठ आन् सोडा लावूनच तर आमी यो रंग पक्का करताव! घामाचा मीठ आधीच व्हता, तुमी सोडा घातलाव. आता कापूड फाटंल, पन रंग जायाचा नाय!"

दादा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "आत्ताच्या आत्ता पिस्ता!" ते गरजले. डबा फोडला, ब्रश बुडवला आणि दाराजवळ हातभर पट्टा मारला. आम्ही सगळे प्रसादाचे द्रोण हातात घेऊन बघत राहिलो. पट्टा आधी पिस्ता होता. मग खालचा गुलाबी वर यायला लागला. दादांनी दुसरा हात मारला, तोही आला. तिसऱ्या हातानंतर भिंतीवर जे काही उमटलं त्याला शेडकार्डावर नाव नव्हतं.

"हा कुठला रंग म्हणायचा?" दादांनी हताश होऊन विचारलं.

"शिळ्या बोंबलाचा," मंजुळा म्हणाली.

आणि तेव्हा पुष्पलता पुढे आली. तिने दादांच्या हातातून ब्रश घेतला. "दादा, गुलाबीच राहू दे. मला गुलाबीच हवाय."

"मग आधी सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. आठ वर्षांची असताना."

दादा तिच्याकडे बघत राहिले. मग खाली सतरंजीवर बसले, भिंतीपासून चांगले दोन हात लांब. "तो फ्रॉक," ते हळूच म्हणाले. "दुकानात गुलाबी होता गं. मीच म्हटलं, मळेल." मग त्यांनी प्रसादाचा द्रोण उचलला आणि म्हणाले, "बरा दिसतोय तसा."

संध्याकाळी दादा माझा टेरिलीनचा शर्ट घालून ठाण्याला गेले. (बटणं लागली नाहीत, पण रंगही लागला नाही.) अकरा वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या घरातून काहीही न ठरवता गेले. मी गॅलरीत उभा राहून त्यांना हात केला तेव्हा कुंड्या आत ठेवाव्या लागल्या, इतकी माझी छाती फुगली होती.

विजय संपूर्ण होता. फक्त पुढच्या पंधरा दिवसांत आमच्या उशा गुलाबी झाल्या. मग चादरी, मग पुष्पलताच्या सुती साड्या, मग माझे बनियन. कारखान्यात मला लोक विचारू लागले, "कुठल्या शेडला बदली झाली?" नव्या घरात आम्ही पुन्हा खोलीच्या मधोमध ताठ बसून जेवू लागलो. पुष्पलता तक्रार करत नव्हती, पण जेवताना मधून मधून भिंतीकडे बघत असे, आणि ते मला बघवत नव्हतं.

या वेळी मी विश्रामला आधी विचारलं, आणि तो सांगेल तेवढंच केलं. त्याच्या मामाची होडी नुकतीच रंगवून झाली होती. उरलेला तेलरंग तो सायकलवर बांधून घेऊन आला. "समुद्रात वरीसभर टिकतो," म्हणाला, "तुमच्या घामाला काय भितो?" डबे उघडले, एक निळा आणि एक गुलाबी. अगदी पुष्पलताचा गुलाबी! विश्रामने दोन दिवस खपून भिंती गुलाबी केल्या आणि तळाशी वीतभर निळा पट्टा ओढला, त्यांच्याकडे तशीच रीत म्हणून. रंग वाळला तशी पुष्पलता पांढरी सुती साडी नेसली, भिंतीला पाठ टेकून बसली, आणि पाच मिनिटांनी उठली ती पांढरीच.

मी लगेच सुताराकडून दारावरची पाटी करून आणली. मोठ्या अक्षरांत 'श्री. भगवंत' आणि खाली आडनाव. घर जिंकलेल्या माणसाची पाटी असायलाच हवी. दारात स्टुलावर चढून खिळा ठोकत होतो, एवढ्यात मंजुळा पाटी घेऊन जिना चढून आली. म्हणजे माशांची पाटी. तिने ती खाली ठेवली, आत डोकावली, चकचकीत गुलाबी भिंती पाहिल्या, खालचा निळा पट्टा पाहिला आणि गालावर बोट ठेवलं.

"बाय, काय झ्याक होडी झाली गं तुझी!"

"होडी?" मी स्टुलावरून म्हणालो.

"मंग काय! आन् भाऊ, होडीवर तुमचा नाव कशाला टाकताव? घरातल्या बायचा टाकायचा आसतो. पुष्पलता. बरकत येते."

पुष्पलता आतून हसली. नुसती हसली नाही, तिने येऊन माझ्या हातातली पाटी काढून घेतली.

"अगं, पण मग मी कोण?" मी विचारलं.

मंजुळाने पापलेटांवरचं फडकं सारखं केलं, पाटी डोक्यावर घेतली आणि जिना उतरता उतरता म्हणाली, "तुमी नांगर. होडीला नांगर लागतोच ना, भाऊ. बाय टाकील तवा पडायचा, बाय वढील तवा वर यायचा."

पुष्पलता म्हणाली, "उतरा आता खाली." मी उतरलो.