नमुना क्रमांक सात

मी लेबल लावल्याशिवाय कुठलीही वस्तू ठेवत नाही. तीन वर्षांच्या संशोधनात माझ्या हातून एकही बाटली बदललेली नाही! त्यामुळे शनिवारी प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला, तेव्हा मी मुळीच घाबरले नाही.

प्रश्न कायटोसानच्या मण्यांचा होता. कायटोसान कोळंबीच्या सालांपासून काढतात. त्याच्या मण्यांत औषध भरलं, की ते एकदम न सुटता बारा तास थोडंथोडं सुटत राहतं. चाचणीसाठी मी औषधाच्या जागी पिवळंधमक बी-टू जीवनसत्त्व भरलं होतं. सहा नमुने फसले होते. सातवा सोमवारी गाइड मॅडमना दाखवायचा, नाहीतर फेलोशिप बंद!

मणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले, वर ठळक लिहिलं, 'नमुना ७. खाऊ नये', आणि डबा सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्रिजमध्ये ठेवून शांत झोपले.

एकच गोष्ट विसरले. आमच्या घरात डब्यावर लिहिलेलं असतं ते आत कधीच नसतं! 'साखर'मध्ये रवा, 'रवा'मध्ये सुईदोरा, आइस्क्रीममध्ये कढीपत्ता. सासूबाईंचा संसार पस्तीस वर्षं याच नियमावर बिनचूक चाललाय.

रविवारी अकराला जेवायला बसले, तर सासरे रायत्याची दुसरी वाटी चाटूनपुसून संपवत होते.

"मंदाकिनी, बुंदी चिवट आहे. मिठाईवाल्याकडची की टायरवाल्याकडची?"

"अहो, फ्रिजमध्ये होती. श्रीखंडाच्या डब्यात."

"आई! त्यावर लिहिलं होतं ना, खाऊ नये म्हणून!"

"त्यावर श्रीखंड असंही लिहिलं होतं गं. कुठलं खरं मानायचं?"

डबा रिकामा होता. जीवनसत्त्वच ते, बाबांना अपाय नव्हता. पण त्याचा जो रंगीत परिणाम दिसणार होता, तो सासऱ्यांना सांगायचा कसा?

"आमोद, तू सांग," मी नवऱ्याला म्हटलं.

"छे! शास्त्रज्ञ तू आहेस."

शेवटी कोणीच सांगितलं नाही. दुपारी बाथरूममधून आरोळी आली, "मंदाकिनी! कावीळ झाली मला!"

मी धावत गेले. "बाबा, नक्की किती वाजता?"

"मला कावीळ झालीय आणि ही वेळ विचारते!"

मग मी अर्धं खरं सांगितलं. जीवनसत्त्व सांगितलं, कोळंबी गाळली. बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पेन घेतलं आणि कॅलेंडरवर नोंदी सुरू केल्या. 'दु. १.४०, पिवळी. ३.१०, फारच पिवळी. ५.२५, बघवत नाही.' एरवी तीन-चार तासांत ओसरणारा रंग रात्री अकरापर्यंत टिकला. बरोब्बर बारा तास! माझा सातवा नमुना जिंकला होता!

सोमवारी मॅडमनी विचारलं, "नमुना कुठाय?"

"संपला, मॅडम."

"संपला? आणि निष्कर्ष?"

कॅलेंडरचं पान माझ्या पर्समध्ये होतं. पण परवानगीशिवाय माणसावर प्रयोग केला, आणि तोही सासऱ्यांवर, हे कुठल्या तोंडाने सांगणार? "नाहीत, मॅडम," मी म्हटलं. आठव्या नमुन्यासाठी पंधरा दिवस मिळाले. शेवटचे!

घरी येऊन कोळंबीचंही सांगून टाकलं. बाबांनी सत्तर वर्षांत अंड्याचा केकसुद्धा खाल्लेला नाही. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणजे मी काल कोळंबी खाल्ली?"

"तिची सालं, बाबा. शुद्ध केलेली."

"आणि त्यातलं सगळं हळूहळू सुटतं, बारा तासांत?"

"हो, बाबा."

"तीस तास होऊन गेले. जिभेवरची चव अजून सुटलेली नाही. फसलाय तुझा प्रयोग!"