एक वीत वर

लग्न होऊन बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आले, तेव्हा शेजारच्या साळवींनी पहिल्याच भेटीत मला वजन विचारलं. माझ्या हातात चहाचा ट्रे, समोर सासूबाई. मी ट्रे पुढे केला. साळवींनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि सांगितलं, "वहिनी, तुम्हाला जरा जाड बांबू लागेल." पुढे महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग कळलं, माणूस वाईट नाही, बांबूउडीवाला आहे. नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, जीव मात्र पोल व्हॉल्टमध्ये. येणाऱ्याजाणाऱ्याला कुठला बांबू पेलेल हे ते मनात ठरवायचे, आणि मनात ठेवायचे नाहीत. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलाबद्दल पोह्यांच्या बशा फिरत असतानाच म्हणाले, "हलका आहे, पण कडक बांबू धरतोय. मागे फेकला जाणार." स्थळ मोडलं. पुढे त्या मुलाने धंद्यात सपाटून मार खाल्ल्याचं कळलं, तेव्हापासून सासूबाई प्रत्येक स्थळ आधी साळवींना दाखवू लागल्या.

बांबू घ्यायला ते उल्हासनगरच्या कॅम्प पाचला जायचे. दोन दगडांवर बांबू आडवा ठेवायचा आणि मधोमध स्वतः बसायचं. लवला पाहिजे, कुरकुरता कामा नये. दुकानदार वैतागून विचारायचा, "साईं, मंडप बांधना है या झूला?" साळवी ढिम्म. पुढचा बांबू काढायला लावायचे.

त्यांची मुलगी नंदा. तिची आई ती लहान असतानाच गेली. घरात हे दोघंच. पोरगीही बापासारखीच उडीवेडी. मुलींच्या स्पर्धा तेव्हा नुकत्या सुरू झाल्या होत्या आणि जिल्ह्याच्या निवडीत उतरायचं तिने ठरवलं. निवड झाली तर वर्षभर पुण्याला राहून सराव करायचा होता. साळवींनी बांबूला पकडीच्या जागी काळी चिकटपट्टी गुंडाळून दिली. नंदा म्हणे, पट्टी खाली आहे, इथे धरून उंची मिळत नाही. सगळ्या बदलापूरला छातीठोकपणे बांबू सुचवणारा हा गृहस्थ पोरीपुढे एकच पालुपद लावायचा, "वर धरलंस आणि बांबू उभा राहिला नाही, तर उलटी जमिनीवर येशील."

निवडीच्या दिवशी मी डबा घेऊन मैदानावर गेले. पहिल्या दोन्ही उड्यांत नंदाने आडवी काठी पाडली. आता शेवटची उडी, ही जमली तरच निवड. तिने बापाकडे बघितलं. साळवी उठले. दातांनी पट्टी सोडवली आणि एक वीत वर गुंडाळली. गुंडाळताना पट्टी दोनदा त्यांच्याच बोटांना चिकटली. मग माझ्या शेजारी येऊन मैदानाकडे पाठ करून बसले.

"बांबू उभा राहिला की सांगा, वहिनी."

नंदा धावली. बांबू रोवला गेला, लवला, आणि मध्येच अडल्यासारखा वाटला. पण तो उभा राहिला, आणि पोरगी वरून अल्लाद पलीकडे! काठी जागची हलली नाही.

"गेली हो साळवी, गेली!" मी त्यांचा खांदा गदागदा हलवला. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, अशा अवतारात ते माझ्याकडे वळले.

"मग, पट्टी मीच बांधली होती." नाक पुसून त्यांनी मैदानाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, एका माणसाला भात किती लावायचा असतो?"