तुळशीरामभाऊंचा विरोध

आमच्या ग्रामसभेत एकदा दुखवट्याचा ठराव आला. गावातले एक वयोवृद्ध पाटील वारले होते. सरपंचांनी ठराव वाचला आणि सवयीनं विचारून गेले, "कोणाचा विरोध?" तुळशीरामभाऊंचा हात वर झाला. सभेत चुळबुळ सुरू झाली. मयताशी यांचं काही वाकडं होतं म्हणावं, तर तिरडीला पहिला खांदा यांनीच दिलेला. सरपंचांनी हात जोडून विचारलं, की भाऊ, यात विरोध कशाला? भाऊ शांतपणे उठून म्हणाले, "पाटील गेले, थ्याले माहा विरोध हाये. लिहून घ्या."

ठराव बहुमतानं मंजूर झाला. दुखवट्याचा ठराव बहुमतानं मंजूर करणारी आमची पंचायत जिल्ह्यात एकटीच असावी.

देऊळघाटच्या अलीकडचं हे गाव धरणामुळे उठून माळावर नव्यानं वसलेलं. गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, घरं सगळी एका मापाची. मी शाळामास्तर, बदलीनं आलो आणि भाऊंच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. त्या घराचा मालक गावात मन न रमल्यानं नांदुऱ्याला निघून गेला होता. भाऊ साठीच्या आसपासचे, उंच, डोक्याला रुमाल गुंडाळलेले. शेती चोख, व्यवहार चोख, आणि तोंडात एकच पालुपद, "हाये थे राहू द्या."

किलोची मापं येऊन जुनी झाली तरी भाऊ गूळ शेरानंच मागत. दुकानदार वाद न घालता किलोभर तोलून देई. भाऊ पिशवी हातात धरून अंदाज घेत आणि "शेर आजकाल भारी झाला" असं म्हणत घरी येत. गल्लीत विजेचा खांब यायचा होता तेव्हा त्यांनी विरोध केला. खांब आला. पुढे तोच खांब दहा पावलं सरकवायला माणसं आली, तर भाऊ खांबाला पाठ लावून बसले. आता आला हाये नं, हाये थे राहू द्या. माणसं तारा गुंडाळून परत गेली. त्यामुळे दिवा अजून आमच्या दारात आहे, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

निवडणुकीला उभा राहणारा माणूस त्यांच्या ओट्याला वळसा घालून जाई. एक तरुण उमेदवार मात्र नवखा होता, तो येऊन बसला. नळ देतो, सडक देतो, दवाखाना देतो, असं त्याचं सगळं सांगून झालं. भाऊंनी चहा त्याच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "हे झालं करनार थे. काय काय नाही करनार, थे सांग." बिचाऱ्याला त्याच्या पक्षानं एवढं शिकवलं नव्हतं. भाऊंनी मत दिलं दुसऱ्याच एका म्हाताऱ्याला. तो प्रचाराला फिरकलाच नव्हता, आणि हीच त्याची लायकी भाऊंना पटली होती.

मी एकदा त्यांना छेडलंच. म्हटलं, भाऊ, जग पुढं चाललंय, तुम्ही एकटेच अडून बसता. त्यावर ते म्हणाले, "जग जाऊन राह्यलं तर जाऊ द्या, मास्तर. पर मांगं काय राह्यलं, थे पाहाले एक मानूस लागते का नाही?" मी शाळेला उशीर झाल्याचं सांगून सटकलो.

भाऊंचा आणखी एक हट्ट आमच्या अंगणातूनच दिसे. त्यांच्या घराच्या आमच्याकडच्या भिंतीत छातीइतक्या उंचीवर एक भोक होतं. खिडकी म्हणावी तर त्यात डोकं मावत नव्हतं, हात तेवढा जाई. घर बांधताना ते भाऊंनी मुद्दाम ठेवून घेतलेलं. पावसाळ्यात त्यातून झड आत येई, उन्हाळ्यात धूळ, म्हणून आतून फळकूट ठोकलेलं. गवंडी दरवर्षी बुजवू का म्हणून विचारी आणि दरवर्षी तेच उत्तर घेऊन जाई. भाऊंच्या पत्नी, सुभद्रावहिनी, याबद्दलही काही बोलत नसत. त्या कशाबद्दलच बोलत नसत. 'या' आणि 'बसा' यापलीकडे त्यांचा शब्द मी ऐकला नव्हता.

मग कालव्याच्या कामात पलीकडची एक वस्ती उठायची ठरली. त्या लोकांना आमच्या गायरानात जागा द्यायचा विषय सभेत आला. वस्तीतली माणसं देवळापुढं एका कडेला अंग चोरून बसली होती, त्यांच्यामागं बाया. कालव्याचे साहेब नकाशा घेऊन आलेले. प्लॉट सगळे सारखे, आणि कोणाला कोणता ते चिठ्ठ्या टाकून, म्हणजे वशिल्याची ओरड नको. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. सरपंचांनी विरोध विचारला आणि सगळी सभा हसत मागं वळली. हात वर होताच.

वस्तीतल्या माणसांचे चेहरे पडले. भाऊ उठले.

"जागा द्या. चांगली द्या. माहा विरोध चिठ्ठ्याले हाये."

साहेब म्हणाले, चिठ्ठीइतका सरळ न्याय दुसरा नाही.

"मी बी हेच बोललो होतो," भाऊ म्हणाले. "आमचं गाव उठलं तवा चिठ्ठ्याची गोष्ट मीच काढली. कोनाले कमी नको, कोनाले जास्त नको. साऱ्याइनं मान डोलावली. जुन्या गावात गोदाबाईची अन् आमची भिंत एक होती. भिंतीत हात जाईन एवढी जागा होती. इकून चुलीतला इस्तो जाये, तिकून विरजन ये. आमची बायको नवी नवरी होती तवापासून तिचं सारं बोलनं थ्या जागेतून. चिठ्ठीत गोदाबाई नाल्यापल्याड गेली. तिचं मन लागलं नाही, लेकाकडं बीबी गावाले निंघून गेली. न्याय झाला, साहेब. पर आमच्या घरातलं बोलनं बंद झालं."

सभेतली जुनी माणसं खाली बघायला लागली. भाऊंना कोणी कधी दोष दिला नव्हता. चिठ्ठ्या सगळ्यांनीच उचलल्या होत्या.

"या लोकाइले इचारा, कोनाची भिंत कोनाले लागून हाये. तशेच बसवा. शेजार नकाशात दिसत नाही."

बायांमधून एक म्हातारी हळूच म्हणाली, "मले रुक्मीच्या बाजूले द्या. मंग कुठंबी द्या."

साहेबांनी नकाशा मिटला. वाईट माणूस नव्हता तो. प्लॉट कोणी कोणता घ्यावा याला आपली हरकत नाही, म्हणाला. मग सरपंचांनी विचारलं, तुळशीरामभाऊंच्या या सूचनेला कोणाचा विरोध? आणि भाऊंचा उजवा हात सवयीनं खांद्यापर्यंत गेला. त्यांनी तो डाव्या हातानं धरून खाली घेतला. एरवी गाव पोट धरधरून हसलं असतं, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं. ती खामगावची, कमी बोलणारी अजिबात नाही, पण ऐकून नुसती उठली. आमच्याकडं विरजण होतं. तरी ती वाटी घेऊन अंगणात गेली, त्या फळकुटावर टिचकी मारली आणि म्हणाली, "वैनी, थोडंसं विरजन देता का?"

मग आतून खिळे उपसल्याचा आवाज आला आणि फळकूट निघालं. बांगड्यांचा एक हात बाहेर आला, वाटी घेऊन आत गेला. आणि मग एक आवाज सुरू झाला, जो मला ओळखताच आला नाही. दिवेलागण होऊन गेली तरी तो थांबला नव्हता.

भाऊ त्यांच्या ओट्यावर बसलेले होते. मी जाऊन शेजारी बसलो. म्हटलं, भाऊ, गवंड्याला सांगून हे भोक मोठं करून घेऊ, चांगली खिडकी होईल.

"हाये थे राहू द्या," ते म्हणाले. "हात जाते. बस हाये."

आत सुभद्रावहिनी माझ्या बायकोला दूध किती कोमट असावं ते सांगत होत्या. भाऊंकडे मी पाहिलं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.