हरवलेल्या पायऱ्यांचं प्रकरण

"ज्याच्या नजरेतून छत्रीची काडीही सुटत नाही, ज्याने चारशे बारा छत्र्या, एकोणीस कवळ्या आणि एक जिवंत कासव ज्याचं त्याच्या स्वाधीन केलं, ज्याच्या पावलांच्या आवाजाने चोरांच्या पोटात गोळा येतो, तो या शतकातला एकमेव गुप्तहेर आपल्यासमोर बसला आहे. घाबरू नका."

हे वर्णन काकांनी स्वतःचं स्वतः लिहिलं होतं आणि वाचनालयाच्या 'हरवले-सापडले' खिडकीला चिकटवलं होतं. अक्षरं आतल्या बाजूला आल्यामुळे ते फक्त काकांनाच वाचता यायचं. दिवसातून दोनदा ते वाचायचे आणि मान डोलवायचे.

खरी गोष्ट अशी, की छत्र्या लोक आपापल्या ओळखून न्यायचे. कासव तर चालत गेलं.

काकांची पुतणी त्याच वाचनालयाच्या संगणक-खोलीत काम करायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी शेजारणीच्या संगणकावर, शेजारणीच्या खांद्यावरून डोकावून ती जे शिकली ते शिकली. "मान वाकडी करून बघ, हात लावू नकोस," हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढे दोन वर्षं खपून मुलांसाठी स्वतःचीच एक प्रोग्रामिंगची भाषा बनवली. सगळ्या आज्ञा मराठीत. नाव 'खटपट'.

भाषा बनवणं सोपं गेलं. ती बसवणं हेच लफडं होतं. खोलीत तीन प्रकारचे संगणक होते आणि तिन्हींच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या. म्हणजे एका घरातल्या तीन जावा. भाषा नव्हे, नात्यातल्या. थोरली फायलींच्या वाटेतली तिरकी रेघ एका बाजूला झुकवायची, धाकटी मुद्दाम दुसऱ्या बाजूला. ओळ कुठे संपते यावर तिघींची तीन मतं. पुतणीने वर्षभर तिघींची मर्जी सांभाळत 'बसवणी' लिहिली होती: एक कळ दाबा, भाषा आपोआप बसेल, घर कुठलंही असो. भाषा बसवताना आधी काय करायचं आणि मग काय, ते एका फोल्डरमध्ये क्रमाने ठेवलेलं होतं. फोल्डरचं नाव होतं 'टप्पे'. मागच्या आठवड्यात काका डोकावले आणि म्हणाले, "टप्पे काय, चेंडूचे असतात. 'पायऱ्या' म्हण. भारदस्त वाटतं." तिने वाद टाळायला नाव बदललं.

थोरलीवर खटपट मांडी घालून बसली. धाकटीवरही बसली. मधल्या बारा संगणकांवर मात्र बसेना. आधीची एकुलती मधली गेल्या महिन्यात बंद पडल्यावर ते याच आठवड्यात आले होते, कुणीतरी टाकून दिलेले, आणि म्हणून मुलांच्या कोपऱ्यात लावलेले.

सोमवारी वर्ग सुरू होणार होता. शुक्रवारी संचालक म्हणाले होते, "दोन प्रकारांवर चालतंय ना? मग झालं. कोपऱ्यातली बारा मुलं शेजारच्याचं बघतील."

पुतणीच्या डोक्यात तिडीक गेली होती. "शेजारच्याचं कुणीही बघणार नाही," ती म्हणाली होती. "उद्या चारपर्यंत तिन्हींवर बसली नाही, तर मीच माझी भाषा काढून घेते. बाहेरची आणा कुठली आणायची ती."

संचालकांना हे लगेच पटलं. नको असलेलं काम स्वतःहून उठून निघालं, की अशा माणसांना सगळंच पटतं.

आणि आता शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि मधलीच्या काळ्या पडद्यावर ओबडधोबड अक्षरांत लिहून आलं होतं:

*पायऱ्या सापडत नाहीत.*

"सापडत नाहीत?" मागून आवाज आला. "म्हणजे आमचं खातं!"

काका चष्मा सावरत आत आले आणि खुर्चीला धडकले.

"काका, हे तुमच्या खिडकीवरचं नाही. हा फोल्डर आहे."

"पोरी, माझं पहिलं सूत्र लिहून घे. गुन्हेगार नेहमी घरातलाच असतो." त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाकडे रोखून पाहिलं. खोलीत ती एकटीच होती. "तू नाहीस. पुढे बघू."

ते तरातरा बाहेर गेले. वीस मिनिटांनी धापा टाकत परतले.

"जिना तपासला. बावीस पायऱ्या आहेत. मी तीस वर्षं तेवीस मोजतोय! एक चोरीला गेलीय."

"चढताना मोजल्यात की उतरताना?"

"त्याने काय फरक पडतो?"

"उतरताना तुम्ही शेवटची चुकवता. आताही चुकवलीत. गुडघा बघा."

काकांनी गुडघ्याकडे पाहिलं. धूळ झटकली. "चोराने मला पाडण्याचा प्रयत्न केला, याचा हा पुरावा."

पुतणी पडद्याकडे वळली. बसवणीला तिने आणखी बोलकं केलं: काय शोधतेस आणि काय सापडतंय, दोन्ही सांग. मधलीने निमूट सांगितलं:

*हवं होतं: पायऱ्या*
*सापडलं: पायऱ्या*
*जुळत नाही.*

तिने ते तीनदा वाचलं. वर्षभरात तिघींचे सगळे नखरे तिने पाहिले होते, पण असं धडधडीत तोंडावर खोटं बोललेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तोतया!" काका ओरडले. "खऱ्या पायऱ्या पळवल्या आणि त्यांच्या जागी हुबेहूब तशाच दुसऱ्या ठेवल्या!"

"कशासाठी?"

"हेतू नंतर शोधायचा असतो. आधी संशयित. मधली कुणी दिली? टाकून दिलेली आहे ना? मग माहेरचा राग काढतेय. सरळ आहे."

"काका, संगणकाला माहेर नसतं."

"म्हणूनच चिडलीय."

मग काका पडद्याला नाक लावून उभे राहिले. खिशातला रुमाल काढला आणि दुसऱ्या ओळीवर घासायला लागले.

"काय करताय?"

"डाग आहे. टिंब. माशीचं काम." घासून घासून पडद्याला चमक आली, टिंब जिथल्या तिथे. "चिवट माशी दिसते. नोंद करतो."

दुपारी दोनपर्यंत नोंदवहीत सात संशयित जमले: संचालक, संचालकांचा भाऊ, माशी, झाडलोट करणाऱ्या मावशी (सकाळी त्यांनी काकांना "पाय उचला" म्हटलं होतं), वीज कंपनी, थोरली जाऊ आणि 'अज्ञात इसम, बहुधा उंच'. पुतणीने फोल्डर पुसून चार वेळा नव्याने उतरवला, दुसऱ्या जागी ठेवला, संगणक बंद करून चालू केला. मधली आपली तेच म्हणत राहिली. हवं होतं पायऱ्या, सापडलं पायऱ्या, जुळत नाही.

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजायला आले होते. कोपऱ्यातल्या बारा खुर्च्या बुटक्या होत्या, मुलांच्या मापाच्या. त्यांतली एक ओढून ती बसली आणि समोरच्या थोरलीच्या पडद्याकडे बघायला लागली. तिथून मान वाकडी करावी लागत होती.

"काका, गप्प बसा जरा," ती म्हणाली. काका त्या वेळी गप्पच होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"अहो! माझा चष्मा काढा आधी!"

काकू होत्या. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हातातून चुकीची वेलांटी कधी छापायला गेली नाही आणि काका कधी सुटले नाहीत.

"अगं, हा माझाच..."

"तुमचा स्वयंपाकघरात पडलाय. सकाळपासून माझ्या नंबरातून जग बघताय आणि पत्ता नाही. म्हणे गुप्तहेर!"

काकांनी चष्मा काढला. त्यांना एकदम कमी अंधुक दिसायला लागलं. जिन्याच्या बावीस पायऱ्यांबद्दल त्यांनी काहीतरी खोडलं.

काकूंनी पदराने काचा पुसल्या, चष्मा चढवला आणि सवयीने समोर जे अक्षर दिसलं ते वाचलं. "हे 'पायऱ्या' असं कुणी लिहिलंय?"

"तो डाग आहे," काका म्हणाले. "माशी. नोंद केलीय."

"डाग कुठला? र खाली टिंब दिलंय. पहिल्या ओळीत नाही, दुसऱ्या ओळीत आहे. दोन वेगळी मुद्रितं आहेत ही. माझ्या टेबलावर आलं असतं तर परत पाठवलं असतं." त्यांनी खुर्ची ओढली. "हे अक्षर कसं टंकलंय? खोडून दाखव बघू."

पुतणीने थोरलीवर तो शब्द टंकला आणि मागून एकेक अक्षर खोडत आली. ऱ एका फटक्यात गेला. मग मधलीवरचं ते फोल्डरचं नाव घेऊन तसंच खोडलं. तिथे एका फटक्यात फक्त टिंब गेलं. साधा र तसाच उभा.

पुतणीने पुन्हा एकदा खोडून पाहिलं.

"दोन तुकडे," पुतणी हळूच म्हणाली. "थोरली हा ऱ अखंड ठेवते. मधली नाव जपून ठेवताना त्याचे दोन तुकडे करते, र वेगळा आणि टिंब वेगळं. माणसाला दोन्ही सारखेच. माझी बसवणी मात्र तुकडा तुकडा जुळवत बसते." ती एकदम हसायला लागली. "ती खोटं बोलत नव्हती, काकू. दिवसभर खरंच सांगत होती."

"मग शब्द बदल. ऱ नसलेला घे."

पुतणीने फोल्डरचं नाव 'जिना' केलं. तसंच बसवणीतही. कळ दाबली. मधली क्षणभर घुटमळली, मग म्हणाली:

*खटपट बसली.*

मग दुसरीवर. तिसरीवर. बाराच्या बारा. शेवटच्यावर बसली तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. पुतणीने लगेच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलं: जुळवण्याआधी दोन्हीकडचे ऱ सारखे करून घ्यायचे. नाव बदलणं ही पळवाट झाली. उद्या कुणा मुलाने 'खोडसाळ वानऱ्या' नावाची फाईल केली, तर तीही सापडली पाहिजे.

संचालक चारला आले. बारा पडदे पाहून त्यांचा चेहरा फुकट गेलेल्या सुट्टीसारखा झाला.

"पण बाकीच्यांनी शेजारच्याचं..."

"कुणाला शेजार लागणार नाही," पुतणी म्हणाली. "ज्याच्या वाट्याला जो आला, त्याच्यावर त्याचं त्याने टंकायचं."

संचालक गेले. काकांनी नोंदवही उघडली आणि मोठ्याने बोलत लिहायला घेतलं. "हरवल्या: पायऱ्या. सापडला: जिना. माशीची निर्दोष सुटका. आता राहता राहिला एकच प्रश्न. या फोल्डरचं चांगलं सुटसुटीत नाव बदलून त्यात हा घातकी ऱ कुणी घुसवला?"

पुतणीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी वही मिटली.

"मी सकाळीच म्हणालो होतो," ते म्हणाले, "गुन्हेगार घरातलाच आहे."